चिनी वाचकाची नजर

संपादक महोदय,

चिनी लिपी म्हणजे चित्रे, ती वाचली न जाता नुसती पाहिली जातात, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. त्या लिपीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. तरीही वाचकाची नजर एका उडीत साधारण दोन-तीन अक्षरे पुढे जाते आणि ती जिथे टेकते, तिथून डावीकडचे एक व उजवीकडची तीन एवढीच अक्षरे साधारणतः तिच्या उपयोगी पडतात. आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करणारे, सर्वाधिक वेळा येणारे ‘द’ हे एकाक्षरी चिन्ह तर ती बहुधा ओलांडूनच जाते. (आपणही ‘व’वर कुठे थांबतो?) मात्र ओलांडलेला शब्द आधीच्या थांब्यावरून टिपलेला किंवा संदर्भाने ताडलेला असतो, म्हणून शीघ्रवाचनाच्या जाहिरातींतला ‘शब्द गाळा’ हा सल्ला मला पटत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे