बुरशीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी

सावळज, ता. तासगाव, जि. सांगली

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा लग्नघरी कुणीतरी तुला विचारलं म्हणे, ‘इतकी वर्षं कोल्हापूरला विद्यापीठात मातीतली बुरशी बघत बसलीस, त्याचा लोकांना उपयोग काय?’ आणि तुला पटकन उत्तर देता आलं नाही. ते सांगताना तुझा आवाज फार उतरला होता. फोनवर मला नीट बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

विचारणारे आपल्याच भागातले द्राक्षबागायतदार. त्यांना जीएबद्दल, म्हणजे द्राक्षाच्या घडांना देतात त्या जिबरेलिक ॲसिडबद्दल विचारायचंस. डिसेंबरात बागेत आम्ही बायका ओळीनं उभ्या राहतो, हातात जीएच्या पाण्याचा मग, आणि एकेक घड त्यात बुडवून, हलकेच झटकून सोडतो. दिवसभर मान वर. हे कशासाठी? मणी फुगवणारं संप्रेरक एरवी बीमध्ये तयार होतं. आपल्या थॉमसन जातीच्या द्राक्षाला बीच नाही, म्हणून ते आपण वरून द्यायचं. नाही दिलं तर मणी वाटाण्याएवढा राहतो आणि व्यापारी बागेत पाऊल टाकत नाही.

हे जीए सापडलं ते भाताच्या रोगातून. जपानात भाताची काही रोपं एकाएकी उंच वाढायची, पिवळी पडायची, दाणा भरायचाच नाही. १९२६ साली कुरोसावा नावाच्या संशोधकानं दाखवलं की हे एका बुरशीचं काम आहे. बुरशी वाढवलेलं पाणी गाळून नुसतं तेवढंच दिलं तरी रोपं तशीच वाढतात. मग टोकियो विद्यापीठात याबुता यांनी तो पदार्थ वेगळा काढला आणि १९३५ साली त्याला जिबरेलीन नाव दिलं. बिनबियांच्या द्राक्षावर तो वापरून बघितला तो १९५०च्या दशकात, कॅलिफोर्निया विद्यापीठात. मधे तीस वर्षं गेली. कुरोसावांना त्या वेळी कुणी उपयोग विचारला असता, तर सावळजच्या द्राक्षाचं नाव त्यांनी कुठून घेतलं असतं? तुझंही आज तेच आहे. सांगता आलं नाही म्हणून खाली बघू नकोस.

कधी उलटंही होतं. वापर आधी असतो, कारण मागून कळतं. बुरशीवर फवारतो त्या बोर्डो मिश्रणाचंच बघ. फ्रान्समध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की डाऊनी रोगानं सगळी बाग झडली तरी रस्त्याकडेच्या वेलींची पानं तशीच हिरवी आहेत. ते बोर्दो विद्यापीठात शिकवायचे. एका रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली ते मिश्रण सगळ्यांसाठी छापून टाकलं. पानं हिरवी आहेत हे तिथून जाणाऱ्या कुणालाही दिसत होतं. असं का, म्हणून थांबून शोधायला वेळ आणि प्रयोगशाळा लागते. विद्यापीठ मला त्यासाठीच हवं वाटतं.

आपल्या घरी अजून एक टक्क्याचंच बोर्डो होतं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये. बाबा त्यात घासून लख्ख केलेला विळा बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घालायची. नाहीतर पानं करपतात. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं, हे बारावीला शिकल्यावर तूच त्यांना समजावलं होतंस. ते अजून गड्यांना सांगतात, ‘आमच्या सायलीनं सांगितलंय’.

माझं मागणं वेगळंच आहे. तुम्ही शोधता ते इंग्रजीत छापता आणि ते आमच्यापर्यंत येत नाही. औषधाच्या दुकानात जो सांगेल तोच आमचा शास्त्रज्ञ. हे मला सलतं. तुझ्या प्रबंधातलं एक प्रकरण तरी मराठीत लिही, आजीला वाचून दाखवता येईल असं. आणि जो प्रयोग फसला त्याचीही नोंद ठेव. कुठलं औषध चालत नाही हे कळलं तरी आमची एक फवारणी वाचते, पाण्याचा आणि डिझेलचा खर्च वाचतो.

फेलोशिप अडकली असेल तर लाजू नकोस, बाबा पैसे पाठवतील. बेदाण्याची पट्टी आलीय, म्हणजे विक्रीचे पैसे हातात आहेत.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फळछाटणी धरलीय. तेव्हा सुट्टी काढून ये, जमलं तर सूक्ष्मदर्शक घेऊन ये. सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी बायकांना बोलावते. घड बुडवणाऱ्या त्याच आहेत, त्यांना आधी दाखव. खालच्या प्लॉटमधली माती तुला हवी होती ना? कुठल्या ओळीतली आणि किती खोलवरची काढून ठेवू ते कळव.

तुझी,
आई