मीठपाण्याची वाटी

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड

ती. आईस,
सा. न.

फोनवर अर्धवट राहिलं म्हणून लिहिते. परवा शेजारच्या ज्यू कुटुंबाकडे वल्हांडणाच्या जेवणाला गेले होते. आपल्या इस्राएल आळीतले पेसाह म्हणायचे, तोच सण. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून त्यांचे पूर्वज सुटल्याची आठवण. घाईत निघाले, पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून बिनखमिराची मात्झा खायची. दिसायला खाकरा, पण अगदीच बेचव. गुलामीचे अश्रू म्हणून मीठपाणी, त्यात हिरवा पाला बुडवायचा. कडूपणाची आठवण म्हणून हॉर्सरॅडिशचा कीस. मी मुळ्यासारखं समजून चमचाभर घेतलं! मिरचीचा ठसका घशाला लागतो, हा थेट टाळूत चढतो. त्यावर सफरचंद-अक्रोडाचं हारोसेत मिळालं तेव्हा कुठे जिवात जीव आला. ते म्हणे गुलामीत रचलेल्या विटांमधल्या गाऱ्याची खूण.

टेबलाशी निम्मे लोक ज्यू नव्हतेच. ही पद्धत इथली जुनी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाला वर्ष झालं त्या दिवशी, 4 एप्रिल 1969ला, वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये शेकडो लोक असेच जेवायला बसले होते. आर्थर वास्को या ज्यू कार्यकर्त्याने त्यासाठी हागादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, नव्याने लिहिली. मिसरच्या जोडीला अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तीही तीत आणली.

यजमानीणबाईंचे वडील मात्र कुरकुरत होते. "सगळ्यांच्या सुटकेची गोष्ट केलीत, तर आमची कुठे राहिली?" मला ते पटलं. पाहुण्यांना सोयीचं व्हावं म्हणून सण पातळ करत गेलं, की शेवटी नुसतं जेवण उरतं. पण त्यांनी हिब्रूतलं सगळं शांतपणे म्हटलं आणि मग आमचंही ऐकून घेतलं.

आम्ही पाहुण्यांनी सुटकेची एकेक गोष्ट सांगायची होती. मी महाड सांगितलं. 20 मार्च 1927, चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळीने प्यालेलं पाणी, आणि नंतर ते तळं 'शुद्ध' करायला ओतलेले पंचगव्याचे घडे. ऐटीत सांगितलं गं, जणू मीच तिथे होते.

त्या रात्री घरातल्या सर्वांत धाकट्याने प्रश्न विचारायचे अशी रीत आहे. त्या कुरकुरणाऱ्या आजोबांची नात नऊ वर्षांची. तिचे पोथीतले चार प्रश्न कधीच विचारून झाले होते. बोट मीठपाण्याच्या वाटीत फिरवत तिने पाचवा मला विचारला, "तेव्हा तुमच्या घरचे कुठल्या बाजूला होते?"

मी मात्झाचा तुकडा मोडत बसले.

बाबांचे आजोबा तेव्हा महाडलाच होते ना? आपल्याकडे त्यांच्या पूजेअर्चेच्या, सोवळ्याच्या गोष्टी निघतात, तळ्याची कधी निघाल्याचं आठवत नाही. मोठ्या आत्याला विचारशील? तिचं ऐकू येणं कमी झालंय, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. बाबांसमोर नको, दुपारी ती एकटी असेल तेव्हा विचार. ती जे सांगेल ते तसंच लिही, माझ्यासाठी गोड करू नकोस. पुढच्या वर्षीचं बोलावणं आत्ताच आलंय, आणि ती पोरगी विसरणारी नाही.

तुझी,
मनू