स्टेंट काढणाऱ्या डॉक्टरसाहेबांना, मनापासून थँक्यू

डॉक्टरसाहेब नमस्कार, तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर टाकलेला डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची ती बारीक नळी, तुमच्याकडे काढून घेतला तो कांदेवाला पेशंट मी.

आधी एका मोठ्या हॉस्पिटलात लघवीच्या वाटेने दुर्बिणीची तपासणी झाली होती, तिथलं काय सांगू. दार सताड उघडं, कोणी फाईल न्यायला येतंय, कोणी चहाचं विचारायला आणि मी कमरेखाली उघडा. जेली सोडली न सोडली तोच दुर्बीण आत. ओरडलो तर वर ऐकवलं, जेली लावलीये ना, पुरुषासारखे पुरुष आणि एवढं काय! नंतर लघवीला जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा, म्हणून स्टेंट काढायला बायकोने मला जवळजवळ ओढतच आणलं.

आणि तुम्ही काय केलंत, जेली सोडली, वर चादर ओढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि स्टूल घेऊन शेजारी बसलात. "आता दहा मिनिटं आपण दोघं रिकामे. कांद्याला काय भाव मिळाला यंदा?" बाहेर ओपीडी तुंबलेली आणि तुम्ही चाळीतल्या मालाचं विचारताय! त्या जेलीत लिग्नोकेन असतं, बधीर व्हायला वेळ लागतो, लगेच सुरू केलं तर ती फक्त बुळबुळीत करायच्या कामाची, हे तुम्हीच सांगितलंत. मग त्या मोठ्या हॉस्पिटलात हे कोणाला माहीत नसेल होय? असणारच की, थांबतंय कोण.

पुढे लघवी रोखणारा स्नायू लागतो तिथे "आता लघवी करताय असं समजा" म्हणालात आणि सिस्टरना सलाइनची पिशवी दाबायला लावलीत, पाण्याच्या दाबाने वाट मोकळी होते म्हणे. स्क्रीनही माझ्याकडे फिरवलात, मी त्या नळीचं वेटोळं चिमट्यात कसं येतंय ते बघत बसलो आणि तेवढ्यात काम झालं पण. दुखलंच नाही असं नाही म्हणणार, चुरचुरलं, पण तुम्ही आधी सांगितलं होतं तेवढंच.

डिग्र्या सगळ्यांकडेच असतात हो, पेशंटलाही लाज असते हे लक्षात ठेवणारे कमी. खरंच खूप आभार, सिस्टरांनाही सांगा.

आता प्रोस्टेटवाल्या सासऱ्यांना पण तुमच्याकडेच पाठवतोय, फक्त त्यांना भावाबिवाचं विचारू नका, एकदा सुरू झाले की दहा मिनिटांत आवरायचे नाहीत.