ओल्या कचऱ्याची सक्ती आधी गाडीवर करा

संपादक महोदय,

ओला कचरा वेगळा देणे सक्तीचे करायचे म्हटले की सगळी चर्चा दंडाच्या रकमेवर येऊन थांबते. आमचे स्पष्ट म्हणणे असे की सक्ती आधी गाडीवर आणि खत प्रकल्पावर व्हावी, घरांवर सर्वांत शेवटी. वेगळा करून दिलेला कचरा एकाच गाडीत एकत्र पडताना लोकांनी एकदा पाहिला, की त्या गल्लीचा विश्वास परत मिळवायला महिने जातात.

ओल्या कचऱ्यात वजनाने 70 ते 80 टक्के पाणी असते. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत तो घातला की पाणी पिळून निघते आणि रस्ताभर सांडते. त्यासाठी गळती नसलेली, खाली पाणी साठवायची टाकी असलेली गाडी लागते. इमारतींना सरसकट 240 लिटरचे डबे देणेही चुकीचे आहे. 120 लिटरचाच डबा भरल्यावर 50-60 किलोंच्या घरात जातो. त्याच्या दुप्पट ओझे कामगाराने रोज का ओढावे? उष्ण हवेत माशीची अंडी एका दिवसात फुटतात, म्हणून तिथे उचल रोजच हवी. एक दिवस गाडी चुकली की डब्यात अळ्या होतात आणि लोक पुन्हा सगळे एकत्र टाकू लागतात.

घरात 7 ते 10 लिटरची, बाजूंना भोके असलेली बादली द्यावी. हवा खेळली की ओल उडते, वजन घटते, वासही कमी येतो. मिलान शहराने 2012 ते 2014 या काळात अशाच बादल्या आणि खत होणाऱ्या पिशव्या देत, शहराचे चार भाग करून एकेक भाग हाती घेतला. पिशव्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ‘बायोडिग्रेडेबल’ असे छापलेली प्रत्येक पिशवी खताच्या ढिगात विरघळत नाही, आणि खरी-खोटी ओळखणे कामगाराला अशक्य असते. शहराने एकच रंग आणि एकच खूण ठरवून द्यावी.

प्लॅस्टिक पकडायचे ते दारातच. प्रकल्पात पोचलेली पिशवी कटरच्या दांड्याला गुंडाळली जाते. जी गुंडाळली जात नाही तिचे तुकडे होतात आणि पातळ पापुद्रे चाळणीतूनही खाली उतरतात. ते वेचून काढता येत नाहीत, तसेच शेतात जातात. काच आणि ब्लेड तर कामगारांचे हात कापतात. म्हणून झाकण उघडून पाहायचे, चुकीची वस्तू दिसली तर डबा तसाच ठेवून नेमके काय चुकले त्याची चिठ्ठी लावायची. याला वेळ लागतो, त्यामुळे एका कामगाराकडची घरे कमी करावीच लागतात. पहिले तीन महिने फक्त चिठ्ठी, दंड त्यानंतर. दक्षिण कोरियाने अन्नाचा कचरा थेट भरावात (कचरा पुरण्याच्या जागी) टाकण्यावर 2005 मध्ये बंदी घातली. टाकलेल्या कचऱ्याच्या प्रमाणात शुल्क देशभर आले ते त्यानंतर, 2013 मध्ये.

प्रकल्प बंद पडतात ते बहुधा वासामुळे, आणि वास येतो सुका माल नसल्यामुळे. ढिगात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण 25 ते 30 ला 1 असावे लागते. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात कर्ब त्याहून कमी पडतो. तो पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा चिपांनी भरून काढायचा. पण पानगळ ठरावीक महिन्यांतच होते, आणि पाला साठवायला कोरडी जागा आराखड्यात जवळजवळ कधीच नसते. मिश्रण मुठीत घट्ट दाबावे: बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर हवा कोंडणार आणि ढीग सडणार. रोगजंतू मरण्यासाठी उघड्या ढिगात 55 अंश तापमान 15 दिवस टिकावे लागते आणि तेवढ्यात किमान पाच वेळा ढीग उलथावा लागतो, कारण बाहेरचा थर गार राहतो. त्यानंतर महिना-दोन महिने मुरवणे आलेच. कच्चे खत मुळे जाळते, आणि एकदा पीक बिघडले की शेतकरी ते पुन्हा घेत नाही.

तेव्हा आदेशात तारीख घालण्याआधी प्रभागवार तीन आकडे जाहीर करावेत: रोज ओला कचरा किती टन निघतो, किती टन रिचवण्याची सोय आज चालू स्थितीत आहे, आणि सुका पाला किती साठला आहे. जेवढ्या प्रभागांचा कचरा ही सोय पेलू शकते, तेवढ्यांतच सक्ती लावावी.

आपले,
खत प्रकल्पांवर काम करणारे काही तंत्रज्ञ