पाचवीत ठेवलेली पोरं

संपादक महोदय, स.न.

पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून परत सुरू झाली, त्याला माझा विरोध नाही, ढकलगाडीने आठवीपर्यंत जाऊन साधा भागाकार न येणारी पोरं मीपण बघितलीत. पण आमच्या शेजारच्या पोराचं काय झालं ते सांगतो. तो पाचवीत गणितात नापास झाला. नियम असा की निकालानंतर जादा मार्गदर्शन करायचं आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची. मार्गदर्शन म्हणजे काय तर सुट्टीत प्रश्नपत्रिकेची एक झेरॉक्स हातात दिली, घरून सोडवून आणा म्हणाले! आईबाप दोघं सकाळी सातला कामावर, सोडवून कोण घेणार? पोरगा गल्लीत क्रिकेट खेळत बसला, फेरपरीक्षेतही नापास होऊन पाचवीतच राहिला.

आता खरी गंमत पुढे आहे, त्याची धाकटी बहीण चौथी पास होऊन पाचवीत आली, म्हणजे दोघं एकाच वर्गात. ती पहिल्या बाकावर, हा शेवटच्या. वही तपासायला सर बहिणीला सांगतात, भावाची दाखव म्हणून. जूनपासून हा पोटात दुखतं म्हणून निम्मे दिवस घरीच. मुलगी मागे पडली तर घरात निदान कोणीतरी बसवून लिहून घेतं, मुलगा म्हटलं की "होईल मोठा झाल्यावर, मस्तीखोर आहे" एवढ्यावर सोडतात आणि मग एकदम नापास.

मे महिन्यात शाळेत जादा मार्गदर्शनाचा वर्ग खरंच भरला का, हजेरी कुठंय, हे शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी फेरपरीक्षेच्या आधी येऊन बघावं, एवढंच म्हणणं आहे.

- एक वाचक, सोलापूर