इच्छापत्रात मुक्या जनावराची तरतूद हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इच्छापत्र, वारसनोंद आणि नॉमिनी या विषयांवर वृत्तपत्रांतून हल्ली चांगले मार्गदर्शन येते आणि आमच्यासारखे ज्येष्ठ वाचक ते कात्रणे काढून जपून ठेवतात. मात्र हे मार्गदर्शन घर, ठेवी, दागिने आणि शेअर्स यांच्यापलीकडे सहसा जात नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या मागे आज मालमत्तेखेरीज एक कुलूपबंद मोबाईल उरतो आणि कित्येक घरांत एखादे मांजर किंवा कुत्रेही उरते. या दोहोंची सोय आधी लावलेली नसेल तर काय होते हे आमच्या इमारतीत नुकतेच पाहायला मिळाले, म्हणून हे पत्र.

आमच्या मजल्यावरील काकू विधवा होत्या, मूलबाळ नव्हते. शिक्षिकेच्या नोकरीतून घेतलेला फ्लॅट आणि एक वयस्क बोका हा त्यांचा संसार. पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा गेली आणि त्या रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा पुतणे आणि भाचे दोन्हीकडून धावून आले. रुग्णालयाची धावपळ त्यांनी मनापासून केली, पण घरात बसले की बोलणे फ्लॅटवर येई. मी त्यांना दोष देत नाही. ठाणे-मुंबईकडे वर्षानुवर्षे भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने मावशीच्या किंवा काकूच्या घराची आशा धरली, तर त्यात पाप काही नाही. बोक्याचे काय, हा प्रश्न मात्र कोणालाच सुचला नाही.

बोक्याला मूत्रपिंडाचा जुना विकार होता. म्हाताऱ्या मांजरांत तो फार आढळतो. मांजर पाणी भरपूर पिऊ लागते, लघवी वाढते, अंग झडत जाते. आजार बरा होत नाही, परंतु वेगळा आहार, औषधे आणि त्वचेखाली दिलेले सलाईन यांवर पुष्कळ मांजरे चांगली जगतात. त्याच्या डॉक्टरांचा क्रमांक, औषधांची चिठ्ठी, रक्ततपासणीचे अहवाल हे सर्व काकूंच्या मोबाईलमध्ये होते आणि मोबाईलचे कुलूप त्यांनाच ठाऊक होते. रोज संध्याकाळी गजर वाजे, पडद्यावर ‘बोका, अर्धी गोळी’ अशी अक्षरे उमटत. डब्यात काकूंच्या आणि बोक्याच्या गोळ्या एकत्र होत्या. त्यांतील कोणती गोळी अर्धी करायची हे सांगणारे कोणी नव्हते.

दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तेव्हा एका नातेवाइकाने त्याला अंग दुखत असेल म्हणून पॅरासिटामोल द्यायचे ठरवले. हेतू चांगलाच होता, पण वेळीच अडवले नसते तर बोका गेला असता. माणसाचे यकृत हे औषध ज्या प्रक्रियेने निकामी करते, ती मांजराच्या शरीरात जवळपास नसते, त्यामुळे अर्धी गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. शिवाय मांजर काही दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो, म्हणून वाट पाहणे हाही उपाय नव्हे. शेवटी सलाईनच्या खोक्यात औषध दुकानाचे बिल सापडले आणि त्यावरून डॉक्टरांचा पत्ता लागला. आता खिडकीच्या गजाला पिशवी टांगून, मानेमागची सैल कातडी चिमटीत तंबूसारखी उचलून मीच त्याला सलाईन देतो. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवली की तो कमी दचकतो, हे काकूंना नक्कीच माहीत असणार.

पुढे काकू गेल्या आणि इच्छापत्र नसल्याचे उघड झाले. भाच्यांना मोठा धक्का बसला, कारण 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, निपुत्रिक विधवेने स्वतःच्या कमाईतून घेतलेले घरसुद्धा, इच्छापत्र नसेल तर, आधी पतीच्या वारसांकडे जाते. माहेरच्या भाच्याने कितीही सेवा केली तरी हा क्रम बदलत नाही. ‘मी नॉमिनी आहे’ हेही पुरेसे नाही. नॉमिनी हा मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये विम्याच्या आणि 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीत स्पष्ट केलेले आहे. वास्तविक इच्छापत्र साध्या कागदावर करता येते, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात.

आपल्या कायद्याच्या दृष्टीने जनावर ही स्वतःच मालमत्ता असल्यामुळे त्याच्या नावे काही ठेवता येत नाही. पण ज्याने सांभाळायचे त्याचे नाव लिहून, त्याची संमती घेऊन, त्यासाठी वेगळी रक्कम ठेवता येते. रतन टाटा यांनी आपल्या इच्छापत्रात टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद केल्याचे वृत्त 2024 मध्ये सर्वांनी वाचले. तेवढी संपत्ती नसली तरी तेवढी काळजी प्रत्येकाला घेता येईल. वाऱ्यावर सोडलेल्या जनावराला कायद्याचा आधार फार तोकडा आहे : 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा मानला आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये इतकाच आहे.

मोबाईलबाबतही सोयी आहेत. गूगलच्या खात्यात, ते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर माहिती कोणाला द्यावी, हे आधी नोंदवता येते. ॲपलनेही 2021 पासून आपल्या पश्चात खाते पाहू शकणारी व्यक्ती नेमण्याची सोय दिली आहे. तथापि गूगलची मुदत किमान तीन महिन्यांची आहे, ॲपलला मृत्यूचा दाखला लागतो, आणि इच्छापत्रही मृत्यूनंतरच उघडते. माणूस रुग्णालयात बेशुद्ध आहे आणि घरी आजारी जनावर आहे, या मधल्या काळासाठी यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. त्यासाठी डॉक्टरांचे नाव, औषधांची मात्रा आणि सांभाळणाऱ्याचा क्रमांक लिहिलेला कागद फ्रिजच्या दारावर लावणे आणि त्याची एक प्रत शेजाऱ्याकडे देणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

गृहनिर्माण संस्था सभासदांकडून नॉमिनीचा अर्ज भरून घेतात, त्याच वेळी एकट्या राहणाऱ्या सभासदांकडून हीही माहिती घेतली, तर खर्च काहीच येणार नाही. आपल्या दैनिकाच्या ज्येष्ठांसाठीच्या पानावर एखाद्या वकिलाकडून आणि पशुवैद्याकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, आणि त्यासोबत कापून भरता येईल असा नमुना छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
ठाणे