बाबा, बंदूक नको. मोटरीला स्टार्टर बसवू

बालेवाडी, पुणे
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तू त्या बंदूकवाल्यांत वावरतेस, मला बारा बोअरचं लायसन कसं काढायचं ते विचारून ठेव." मागून आईचा आवाज आला, "हिच्यामुळेच यांच्या डोक्यात हे आलं." मग नेहमीप्रमाणे फोन आईकडे गेला आणि तो विषय राहिला. तेव्हापासून माझ्या मनात तेच चाललंय. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

लायसनची माहिती काढली आहे, ती आधी सांगते. आपल्याकडे ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलिसांचा अहवाल लागतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि घरात ते कुलपात राहील अशी सोय दाखवावी लागते. पीकसंरक्षणासाठी परवाना मागता येतो. निवडणूक लागली की हत्यार पोलिसांकडे जमा करायचा हुकूम येऊ शकतो. हे सगळं तुमच्याच्यानं होईल, खेटे घालायला तुम्ही कधी कंटाळला नाहीत. तरीही मी तुम्हाला नको म्हणते आहे. मला या वस्तूची आवड आहे, इथल्या रेंजवर नेमबाजी करताना तिच्याशी रोजचा संबंध येतो, म्हणूनच नको म्हणते.

तुम्हाला बंदूक कशासाठी हवी आहे, ते मला ठाऊक आहे, बिबट्यासाठी. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडाला लागून राहणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. रात्रीच्या लाईटची पाळी आली की तुम्ही बॅटरी घेऊन मोटर चालू करायला विहिरीवर जाता आणि आई ओट्यावर जागी बसते. शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली तेव्हापासून ती झोपतच नाही, हे ती मला सांगत नाही, पण सकाळी सहाला फोन केला की आवाजावरून कळतं.

आता बाबा, एकदा डोळ्यांसमोर आणा. अंधार, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधे हातभर बांध. एका हातात बॅटरी. बारा बोअरची बंदूक धरायला दोन हात लागतात, मग उजेड कोण दाखवणार? बिबट्या समोरून सांगून येत नाही. तो दबा धरतो आणि बहुतेक वेळा मागून किंवा बाजूने येतो. खांद्यावरून बंदूक काढून दस्ता खांद्याला लागेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असतं. आणि समजा बार उडाला, छर्रे लागले, पण जनावर मेलं नाही, तर जखमी बिबट्या उसात शिरणार. दुसऱ्या दिवशी त्या फडात कोण जाणार? पलीकडच्या बाजूला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या असतात, त्यांत लहान मुलं झोपलेली असतात. रेंजवर आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकून घेतात की निशाणाच्या मागे काय आहे ते माहीत नसेल तर ट्रिगरला बोट लावायचं नाही. सरावाच्या रायफलची साधी पॉइंट टू टूची छोटी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. उसाच्या मागे काय आहे हे रात्री कुणाला दिसतं?

कायद्याचंही सांगते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं तर बचावाची तरतूद कायद्यात आहे, पण दिसला म्हणून मारला तर तो मोठा गुन्हा. आणि मारून किंवा पकडून नेऊनही प्रश्न सुटत नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी आपल्याच भागात या विषयावर काम केलं आहे. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले, असं त्या अभ्यासात दिसलं. एक गेला की मोकळ्या जागेवर दुसरा येतो. ऊस आहे, पाणी आहे, कुत्री-शेळ्या आहेत, त्याला आणखी काय हवं?

आई, आता तुझ्याशी बोलते. तू मागच्या खेपेला माझ्या कपाटातली लांब पेटी बघितलीस आणि काही बोलली नाहीस. तुझं न बोलणं मला जास्त लागतं. त्या पेटीत हवेची रायफल आहे. 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो, त्यात दारू नसते. हिला परवाना लागत नाही, तरी बिल आणि ओळखपत्र मी कायम पेटीतच ठेवते. पेटीला कुलूप असतं, छर्रे वेगळ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ. तुझ्या नातीला रायफल दाखवलेली आहे, तिच्यापासून लपवून ठेवलेली नाही. लपवलेल्या वस्तूला मुलं हात लावतातच. तिला एवढंच शिकवलंय की अशी वस्तू कुठेही दिसली, कुणाच्याही घरी, तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. घरी आले की आधी साबणाने हात धुते, कारण छर्ऱ्यांचं शिसं बोटांना लागतं. त्या हातांनी मी तिला घास भरवत नाही.

आणि मला हे का आवडतं, तेही सांगायला हवं, कारण तू "या वयात कशाला?" असं विचारलं होतंस. दहा मीटरवर कागदाएवढं निशाण असतं. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. हातात पाच किलोच्या आसपासची रायफल, अंगात कडक कॅनव्हासचं जॅकेट. स्पर्धेत साठ नेम, पंचाहत्तर मिनिटं. उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळतं की आपण कधीच स्थिर नसतो. श्वासाबरोबर नळी वरखाली होते, श्वास थांबवला तर छातीचा ठोका दिसायला लागतो. नेम धरला आणि बरोबर वाटलं नाही, तर रायफल खाली ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. नेम सोडून देता येणं हीच यातली मोठी शिकवण आहे, असं मला वाटतं. दिवसभर ऑफिसात सगळं "आत्ताच्या आत्ता" हवं असतं. रेंजवर कुणी घाई करत नाही. माझा रक्तदाबही इथे यायला लागल्यापासून आटोक्यात आहे.

हे बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. बाबा, 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्यपदक मिळालं तेव्हा तुम्हीच मला फोन करून सांगितलं होतंत, "राधानगरीचा पोरगा, रेल्वेत टीसी!" पन्नास मीटर, आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं, 451.4 गुण. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली होती. अशी माणसं आपल्याकडची आहेत, हे मी इथल्या नव्या मुलींना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण नेमबाजीपेक्षाही मला जे मिळालं, ते तपासण्याच्या सवयीत आहे. रायफल हातात घेतली की ती भरलेलीच आहे असं समजायचं, कुणी कितीही सांगितलं "रिकामी आहे" तरी. स्वतः उघडून बघायचं. फायरिंग थांबलं की नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालायचा, म्हणजे लांबूनही कुणालाही दिसावं. नळीचं तोंड कायम निशाणाकडे. रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख छापलेली असते, दहा वर्षांनी तो कितीही चांगला दिसला तरी बाद. इथे कुणी कुणाच्या शब्दावर विसंबत नाही, आणि त्याचा कुणाला रागही येत नाही.

ही सवय आता घरभर पसरली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी बॅटऱ्या लावून बघते, प्रथमोपचाराच्या डब्यातल्या गोळ्यांच्या तारखा बघते, गॅसचा कॉक बघते. पिशवीत जाड बँडेज, हातमोजे, शिट्टी, ओआरएसची पाकिटं असतात. कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात. 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचं पाणी एका रात्रीत घरांमध्ये शिरलं, 2024 च्या जुलैत सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत शिरलं. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून हे पाकीट माझ्या दाराजवळच्या खुंटीला असतं.

खरं तर हे माझ्यात तुमच्याकडूनच आलंय, बाबा. सोयाबीनचं बी दुकानदाराने कितीही छातीठोकपणे दिलं, तरी तुम्ही गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघितल्याशिवाय पेरत नाही. तीच नजर एकदा घराकडे आणि रात्रीच्या त्या फेरीकडे वळवा. मला तेवढंच मागायचं आहे.

पहिलं म्हणजे रात्री विहिरीवर जाणंच बंद करायचं. सिमकार्डवर चालणारा स्टार्टर मिळतो. घरातून फोन लावायचा, मोटर चालू. पाणी संपलं तर ती आपोआप बंद पडते, तशी सोय असलेलाच घेऊ. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, मोटर चालू झाली तरी बारं मोडायला, पाणी पुढच्या सरीत वळवायला कोण जाणार? म्हणून रात्री पाणी फक्त शेततळ्यात टाकायचं. तळं वरच्या अंगाला आहे, तिथून दिवसा उताराने पाटाला घ्यायचं. खालच्या तुकड्यात एक-दोन दिवस उशीर होईल, होऊ दे. बंदुकीला, कुलपाच्या कपाटाला आणि काडतुसांना जो खर्च आला असता, तो इथे घालू. अर्धे पैसे माझे.

घराभोवती ऊस अगदी पडवीपर्यंत लावू नका. पुढच्या लावणीला दोन-चार सऱ्या सोडा, तिथे कांदा, लसूण, काहीही बुटकं घ्या. नजर मोकळी राहिली पाहिजे. गोठ्याला जाळी फक्त बाजूंनी आहे, वरून उघडी आहे. बिबट्या वरूनच उतरतो. वरची जाळी मी आले की बसवून घेऊ. आपल्या राजा कुत्र्याला रात्री बाहेर बांधू नका, तो राखण करतो असं वाटतं, पण बिबट्यासाठी तेच आमंत्रण आहे. आई, पहाटे अंधारात अंगणात वाकून झाडणं, भांडी घासायला बसणं, एवढं माझ्यासाठी सोड. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. उजाडल्यावर झाड. संध्याकाळी रस्त्याने जाताना मोबाईलवर मोठ्याने भजन लावून जा, आणि दोघंजण मिळून जा. समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून आवाज करत मागे सरायचं. आणि तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडली तर कुणालाही हात लावू देऊ नका. वनखात्याचा नंबर 1926. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं ही कामं नेहमी करतात.

साप हा बिबट्यापेक्षाही जवळचा धोका आहे. चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही. हातपाय न हलवता 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना, लस तिथेच असते. दुसऱ्या कुठल्या जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. बाबा, तुमच्या रक्त पातळ होण्याच्या गोळीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून खिशातल्या पाकिटात ठेवा. दवाखान्यात ते पहिल्यांदा विचारतात.

आजोबांची बारा बोअर तुम्हाला आठवते, हे मला माहीत आहे. ते तिला तेल कसं लावायचे, हे तुम्ही सांगता तेव्हा तुमचा आवाज बदलतो. ती ओढ मला समजते, बाबा, कारण ती माझ्यातही आहे. म्हणून एक सुचवते. दिवाळीनंतर दोघंही इथे आठ दिवस राहायला या. रेंजवरच्या आमच्या सरांशी बोलून ठेवलंय. टेबलावर टेकून हवेची रायफल चालवता येते, खांद्याला धक्का बसत नाही, चष्म्यासकट दिसतं. तुमचा हात किती स्थिर आहे ते मी लहानपणी कलमं बांधताना पाहिलेलं आहे. आईलाही उभी करणार आहे, तिने नाही म्हटलं तरी.

येत्या शनिवारी मी सकाळच्या एसटीने निघते. स्टार्टरवाल्याला दुपारी तीनला बोलावलंय. त्याने विचारलंय की मोटर किती एचपीची आहे आणि विहिरीवर मोबाईलला रेंज किती काड्या दाखवते. दिवसा, उजेडी जाऊन बघा आणि मला कळवा. गोठ्याच्या छपराचं मापही घेऊन ठेवा, जाळी इथूनच आणते.

तुमची,
ताई